आईची कंबर, आईची नागीण: जुन्या दुखण्यावर आज काय करता येतं

डोंबिवलीहून एका मुलाने विचारलं आहे. आई राजापूर तालुक्यात गावी असते, वय ६६. चार वर्षं कंबर आणि दोन्ही गुडघे दुखतात. गेल्या वर्षी गणपतीनंतर डाव्या बरगडीखाली नागीण उठली. ती सुकली, पण त्या जागेची आग अजून गेलेली नाही. एमआरआयमध्ये 'डिस्क बल्ज', म्हणजे मणक्यांमधली चकती फुगलेली, असं आलं आहे. एकाने ऑपरेशन सांगितलं, दुसऱ्याने मुंबईत नेऊन सुईने नस जाळून घ्यायला सांगितलं. तोवर आई गोळ्यांच्या पुड्यांवर दिवस काढते आहे. हे नवे उपचार खरे आहेत का, की वय झालं म्हणून सोसायचं? आणि जाता जाता आणखी एक: वाडीतल्या काकांना तोंडाचा कॅन्सर आहे, त्यांना मॉर्फिन सांगितलं आहे, म्हणजे शेवट जवळ आला का?

मी भूलतज्ज्ञ आहे. बावीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात काम करते आणि आता माझा बहुतेक वेळ जुन्या दुखण्याच्या रुग्णांबरोबरच जातो. सोसायचं का, याचं उत्तर आधी देते: नाही. पण उपचार निवडण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. तुमच्या आईचं दुखणं एक नाही, दोन आहेत, आणि दोघांची जात वेगळी आहे. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. आजवरचे बरेच पैसे आणि बरीच वर्षं तिथेच वाया गेली असणार.

तुम्ही लिहिलंय की कंबर 'धरते', गुडघे 'ठणकतात' आणि बरगडीखाली 'भाजल्यासारखी आग' होते. अर्धं निदान या शब्दांतच आहे. दुखण्याला आपल्याकडे शब्दांची कमी नाही. ठणका, ठसठस, कळ, चमक, सणक, चरचर, आग, मुंग्या, सल. म्हातारी माणसं हे शब्द फार नेमके वापरतात. 'चमक' म्हणताना बोट कमरेवरून पोटरीपर्यंत फिरत गेलं तर मला मणक्यातून निघणाऱ्या नसेचा संशय येतो. 'ठसठस' म्हटलं की सूज किंवा पू शोधते. 'आग', 'चरचर', 'मुंग्या' हे शब्द आले की नस स्वतःच आजारी आहे हे जवळजवळ कळतं. रोनाल्ड मेलझॅक या कॅनडाच्या मानसशास्त्रज्ञाने रुग्णांच्या अशाच शब्दांवरून १९७५ मध्ये वेदना मोजण्याची प्रश्नावली तयार केली आणि ती आजही जगभर वापरात आहे. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर आईला बोलू द्या. 'तिला बॅकपेन आहे' असं तिच्या वतीने सांगून टाकू नका.

आधी नागिणीचं बघू, कारण माझ्या मते जास्त छळ तोच आहे आणि उपचारात मागे पडलाय तोही तोच.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातली एक मासळी विकणारी बाई माझ्याकडे आली होती. समोर बसल्यावर तिने पदराखालून दोन बोटांनी पोलक्याचं कापड अंगापासून जरा दूर धरलं आणि बोलणं संपेपर्यंत ते सोडलं नाही. मी कापसाची वात करून उजव्या बरगडीवरून हलकेच फिरवली, तेव्हा 'गुदगुल्या होतात' म्हणाली. तीच वात डावीकडे टेकवली मात्र, तिचा श्वासच अडकला, डोळ्यांत पाणी आलं. कातडीवर ना सूज, ना जखम, फक्त नागिणीचे फिकट डाग. सात महिने घरचे तिला 'आता तर सुकलंय सगळं' म्हणून समजावत होते.

नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो नसेच्या मुळाशी दडून राहतो आणि उतारवयात किंवा अंगातली ताकद कमी झाली की त्याच नसेच्या वाटेने बाहेर येतो. म्हणून पट्टा एकाच बाजूला उठतो. दोन्ही टोकं जुळली की माणूस दगावतो, ही भीती आपल्या गावागावांत आहे आणि तिला काहीही आधार नाही. पण या भीतीपायी उतारा आणि गेरूचा लेप यात पहिले तीन दिवस जातात, ते मात्र फार महाग पडतात. विषाणूवरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

विषाणू जाताना नस दुखावून जातो. दुखावलेली नस मग कारण नसताना संदेश पाठवत राहते. घरात एकदा चोर शिरून गेला की राखणीचा कुत्रा पुढे पान पडलं तरी भुंकतो, तसं मज्जारज्जूतल्या पेशींचं होतं. त्या इतक्या ताणलेल्या असतात की कापडाचा स्पर्शसुद्धा त्यांना चटका वाटतो. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे शास्त्रज्ञ क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. माझ्या मते वेदनाशास्त्रातली सगळ्यात मोठी प्रगती ही आहे. मशिनं नंतर आली. जखम भरली तरी दुखणं खरं असू शकतं हे त्यातून सिद्ध झालं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या जागतिक संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तीही हाच धागा धरून. रिपोर्टमध्ये काही दिसत नाही म्हणून आईला 'मनाचे खेळ' असं कुणी म्हणालं असेल, तर ते चूक आहे आणि तिला तसं स्पष्ट सांगा.

आता औषध. नेहमीची पेनकिलर सूज आलेल्या जागी काम करते. स्वतःहून पेटलेल्या नसेवर तिचा जवळपास काहीच उपयोग नाही. इथे लागतात गॅबापेन्टिन, प्रेगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन यांसारखी नसेला शांत करणारी औषधं. यातली काही मुळात फिटची, काही नैराश्याची. शेजारच्या कॉलेजातल्या पोराने मोबाइलवर नाव शोधून 'काकी, ही वेडाची गोळी आहे' सांगितलं आणि बाईने उपचार सोडला, असं माझ्याकडे कितीदा झालंय. कृपा करून हे आईला आधीच समजावा. गोळीचा परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, हेही सांगा.

आणि मात्रा अगदी थोडीच ठेवून, रात्री सुरू करायला सांगा. हे मी अनुभवाने सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका आजोबांना मी प्रेगॅबालिन एकदम ७५ मिलिग्रॅमवर सुरू केलं. रात्री लघवीला उठले, संडास परसात, पावसाळा, चिऱ्याच्या पायऱ्यांना शेवाळ. गरगरलं आणि पडले, मनगट मोडलं. तेव्हापासून गोळी लिहिण्याआधी मी विचारते: रात्री उठून कुठे जाता, वाटेत दिवा आहे का, पायऱ्या किती. तुमच्या आईची किडनी, हृदय आणि डोळ्यांचा दाब तपासूनच यातलं कुठलं औषध द्यायचं ते ठरावं.

गोळ्या झेपल्या नाहीत तर वरून लावायचे उपाय आहेत. लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची पट्टी ही सर्वांत सौम्य. दुसरा उपाय कॅप्सेसिनचा, म्हणजे मिरचीतल्या तिखटाचा. मिरची कुटताना हाताची आग होते ती ज्या दारातून शिरते, ते नसेवरचं दार डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधलं. २०२१ चं नोबेल त्यांना आणि आर्डेम पॅटापूटियन यांना मिळालं. तिखटाचा मारा सतत झाला की ते नसेचं टोक काही काळ थकून गप्प होतं. मात्र घरची मिरची लावायला जाऊ नका, कातडी भाजेल. औषधी मलम ठरावीक मात्रेचं असतं आणि ते फुटलेल्या कातडीवर कधीच लावायचं नाही.

तुमच्या वडिलांना नागीण झालेली नसेल तर लस घ्या. पन्नाशीनंतर दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. ती आता आपल्याकडे मिळते. महाग आहे, पण त्या मासळीवाल्या बाईची सात महिन्यांची झोप आठवली की मला ती महाग वाटत नाही.

कंबर आणि गुडघे ही वेगळी गोष्ट. तिथे नस नाही, सांधे आणि स्नायू बोलतायत.

एमआरआयला घाबरू नका. कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये आला. साठीतल्या शंभरातल्या ६९ जणांची चकती फुगलेली निघाली, ऐंशीत ८४ जणांची. म्हणजे तुमच्या आईच्या वयाला डिस्क बल्ज हे पिकल्या केसांसारखं आहे. पाय ओढत नसेल, पायातली ताकद कमी झालेली नसेल, तर त्या एका शब्दावर ऑपरेशन करू नये. अर्थात लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, बसायची जागा बधिर होणं, पाऊल लुळं पडणं, ताप किंवा वजन घटण्यासोबत कंबर दुखणं, यातलं काहीही झालं तर वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

सुईने नस जाळण्याचं म्हणाल तर तो उपचार खरा आहे, मी स्वतः करते. गुडघ्याच्या ज्या बारीक फांद्या फक्त वेदनेचा निरोप नेतात, पाय हलवत नाहीत, त्यांच्याजवळ एक्स-रेच्या पडद्यावर बघत सुई पोचवायची. आधी तिथे नुसतं बधिर करणारं औषध टाकून बघतात. त्याने काही तास गुडघा खरोखर हलका वाटला, तरच पुढे जायचं. मग सुईचं टोक ८० अंशांपर्यंत तापवून मिनिट-दीड मिनिट ठेवायचं. रुग्ण जागाच असतो. ज्यांना लागू पडतं त्यांना सहा महिने ते वर्षभर आराम मिळतो, मग नस पुन्हा वाढते. गुडघा मात्र झिजला तेवढाच राहतो. म्हणून मी रुग्णांना सांगते की हा आराम म्हणजे मांडीचा स्नायू कमवायला मिळालेली मुदत आहे. ती बसून घालवली तर वर्षाने पुन्हा तिथेच. ही चाचणी न करता कुणी थेट जाळायचं म्हणत असेल, तर दुसऱ्याचं मत घ्या. आणि गुडघा पार वाकडा झाला असेल, रात्रीही झोपू देत नसेल, तर सांधा बदलण्याला घाबरू नका. ते ऑपरेशन चांगलं आहे.

अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मान्यता मिळालेल्या सुझेट्रिजिन या गोळीबद्दलही तुम्ही वाचलं असेल. मेंदूला न गुंगवता, वेदनेच्या नसेतला सोडियमचा एक दरवाजा ती बंद करते. विचार सुंदर आहे, आणि अफूच्या कुळातलं नसलेलं नवं औषध म्हणून मला त्याचं महत्त्व वाटतं. पण ती मान्यता ऑपरेशननंतरच्या ताज्या दुखण्यासारख्या वेदनेसाठी आहे. तुमच्या आईच्या चार वर्षांच्या कंबरेसाठी ती नाही. ओझोन, स्टेम सेल वगैरेंच्या जाहिरातींवर तर आज मी माझ्या आईचे पैसे घालणार नाही.

आता त्या पुड्या. माझी सगळ्यात मोठी काळजी तीच आहे.

अशी एक पुडी मी परवा टेबलावर उघडली. पिवळी गोळी डायक्लोफेनॅकची, पांढरी मोठी पॅरासिटामॉलची, एक ॲसिडिटीची आणि एक अगदी बारकी पांढरी. ती बारकी गोळी स्टिरॉइडची होती. दोन दिवसांत 'जादू' होते ती तिच्यामुळेच. पण महिनोन्महिने घेतली की चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, जरा धक्का लागला तरी अंगावर काळंनिळं येतं. आईच्या पुडीत ती असेल आणि बरेच दिवस चालू असेल तर अचानक बंद करू नका. शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवलेलं असतं, आणि एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायची असते.

डायक्लोफेनॅकचं सांगायचं तर आपल्या आभाळातली गिधाडं आठवा. गुरांना दिलेलं हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं आणि किडन्या निकामी होऊन ती लाखोंनी मेली. कारण २००४ मध्ये उघड झालं, २००६ मध्ये गुरांसाठी ते बंद झालं. माणसाची किडनी गिधाडाइतकी नाजूक नाही, पण वय ६६, बीपीची गोळी चालू, उन्हात पाणी कमी, आणि वर रोज ही गोळी, असं जुळून आलं तर माणसाची किडनीही बसते. मी असे रुग्ण डायलिसिसपर्यंत गेलेले पाहिले आहेत. गुडघ्याला त्याच औषधाचं जेल चोळलं तर रक्तात फार थोडं जातं आणि आराम बराच मिळतो. म्हणून सांध्यांसाठी सुरुवात जेलपासून करावी.

आणखी एक गोष्ट कोकणातल्या प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. लावणीच्या दिवसांत ताप आला, डोळे लाल झाले आणि पोटऱ्या हात लावू देईनात, तर ते लावणीचं अंगदुखणं समजून पेनकिलर घेऊ नका. तो लेप्टो असू शकतो. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखलातून, पायाच्या भेगांतून तो शिरतो आणि किडनीवर उठतो. त्यात ही गोळी पडली की दुहेरी मार. सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. तापासाठी तोवर पॅरासिटामॉल चालेल.

पुड्या उतरल्यावर काय करायचं? व्यायाम, आणि तो 'करायचा म्हणून' नाही. पडवीत खुर्चीवर बसून एक पाय गुडघ्यात ताठ करायचा, दहा आकडे धरायचा, खाली घ्यायचा. दोन्ही पाय, दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिला आठवडा थोडं जास्त दुखेल, त्याने गुडघा झिजत नाही. विळी जमिनीवरून उचलून ओट्यावर ठेवा, किंवा उभ्याने सुरी वापरायची सवय लावा. जमिनीवर उकिडवं बसून मासे साफ करण्यात गुडघ्यावर जो भार येतो, तो कुठल्याही गोळीने उतरत नाही. घरात शेती अजून असेल तर नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी पुढे आणलेलं सगुणा भात तंत्र एकदा बघा. गादीवाफ्यावर भात टोकायचा, चिखलणी नाही, लावणी नाही. दिवसभर कमरेत वाकून लावणी करणाऱ्या बायकांच्या कंबरेसाठी मला ते अनेक इंजेक्शनांपेक्षा मोलाचं वाटतं.

तुम्ही डोंबिवलीत आहात, रोज फोन करता, हे चांगलं आहे. पण 'आज कंबर कशी आहे' याऐवजी 'आज कुठवर जाऊन आलीस' असं विचारा. दुखणं शून्यावर आणायचं ध्येय ठेवलं तर दोघंही निराश व्हाल. मी रुग्णाबरोबर एक खूण ठरवते: पहिल्या महिन्यात अंगणाच्या कडेपर्यंत, दुसऱ्यात शेजारच्या घरापर्यंत, मग देवळापर्यंत. झोप किती लागली तेही विचारा. झोप तुटली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त लागतं.

काकांच्या मॉर्फिनबद्दल. नाही, मॉर्फिन म्हणजे शेवट नाही. कॅन्सरच्या तीव्र दुखण्यावर तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी हे स्वस्त आणि खात्रीचं औषध आहे. ती दर चार तासांनी घड्याळ लावून द्यायची, दुखायला लागेपर्यंत थांबायचं नाही. बद्धकोष्ठ होणारच, म्हणून जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत. पहिले काही दिवस मळमळ आणि गुंगी येते, मग अंगवळणी पडतं. नीट देखरेखीत दिलं तर व्यसनाची भीती फार कमी. अंमली पदार्थांचा १९८५ चा कायदा इतका कडक होता की डॉक्टरसुद्धा हात आखडता घेत. २०१४ मध्ये तो बदलून अशा औषधांसाठी परवान्याची वाट सोपी केली, तरी आपल्या भागात अजून बऱ्याच ठिकाणी गोळी मिळत नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं. कोझिकोडला १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम सुरू केलं, आणि पुढे केरळात शेजारपाजारचे लोकच घरोघरी जाऊन अशा रुग्णांची काळजी घेऊ लागले. आपल्या वाड्यांत माणसं आहेत, माया आहे, हे इथेही जमण्यासारखं आहे. तूर्त काकांच्या घरच्यांना जिल्हा रुग्णालयात 'पॅलिएटिव्ह केअर' (त्रास कमी करणारी शुश्रूषा) असं नाव घेऊन विचारायला सांगा. आणि ते कळवळत असताना 'इतक्यात मॉर्फिन नको' असं कुणी म्हणालं, तर तुम्ही त्यांच्या बाजूने बोला.

आईला पावसाआधी दाखवून घ्या, कारण लावणी सुरू झाली की ती येणार नाही. नुसता एमआरआय नको. बीपी-शुगरच्या सगळ्या गोळ्या, किडनीचा अलीकडचा रिपोर्ट आणि ती पुडी, न उघडलेली, सोबत न्या.